अनुभव (असल्यास)

डिचोलीत, मामलेदार कचेरीसमोर,
झेरॉक्सच्या यंत्राला पाठ टेकवून मी बसते.
लोक येतात, आपापले रकाने माझ्यापुढे ठेवतात.
नाव, गाव, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला,
कोकणी आवश्यक, मराठी इष्ट.
मी भरते. पानाला वीस रुपये.

आज रोहिदास मळीक आला.
नागरी पुरवठा खात्यात गोदाम साहाय्यक,
जागा तीन.
सगळं नीट चाललं होतं,
रकाना चौदापाशी तो चप्पल शोधायला खाली वाकला.
चप्पल पायातच होती.
'हांगा कितें बरोवप, बाय? म्हाका कांयच येना.'

अकरा वर्षं काय करत होतास?
'काट्यार आशिल्लों.'
खाणीच्या वजनकाट्यावर. खाण बंद, काटा बंद.
म्हणजे नेमकं काय करायचास?
ट्रक यायचा, आकडा उठायचा, मी लिहायचो.
बस?
बस.

माणसाला आपल्या घराचा वास येत नाही,
तसंच हे.
मी चहा मागवला. दुसऱ्या कपाला
थोडं थोडं बाहेर यायला लागलं:
स्प्रिंगांचा आवाज ऐकून टनांचा अंदाज, काटा बोलायच्या आधी.
रांगेत एकशे चाळीस टिपर आणि वीज गेलेली,
तेव्हा कुणाला विडी द्यायची, कुणाशी हसायचं,
कुणाकडे मुळीच बघायचं नाही.
लाल धुळीत कार्बन पेपर स्वच्छ ठेवायचा.
प्रती तीन: मालकाला, ट्रकवाल्याला, सारमानसच्या जेटीला.
आणि इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ,
कुणी त्याचा एक करू नये म्हणून.
ती रेघ आजाला पोर्तुगीज शाळेतल्या मास्तरानं दिली होती,
आजानं याला.

मी टाइप करत गेले.
साठ्याच्या नोंदी ठेवण्याचा अकरा वर्षांचा अनुभव.
गर्दीचे व्यवस्थापन. अभिलेखांचे जतन.
वजनमापात अचूकता.
नोंदींत कधीही फेरफार केलेला नाही.

वाचून दाखवलं.
तो ऐकत होता, कुणा दुसऱ्याचं,
बऱ्या घरच्या मुलाचं स्थळ सांगून आल्यासारखा.
शेवटच्या ओळीला त्यानं हात वर केला.
'ती फट, बाय. काड ती.'

एकदाच.
पिळगावचा ड्रायव्हर, बायको बांबोळीच्या इस्पितळात,
गाडीत दहाऐवजी साडेअकरा टन.
दंड भरला असता तर तीन दिवसांची मजुरी गेली असती.
मी दहा लिहिले, तो म्हणाला.
हात जरासुद्धा हलला नाही.
त्याचंच अजून वाईट वाटतं.

ह्याला कचेरीच्या भाषेत काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.
दोन शब्द आहेत.
एकानं नोकरी जाते, दुसऱ्यानं बढती मिळते.
मी दोन्ही घातले नाहीत.
ओळ पुसली. चौदाव्या रकान्यात पांढरी जागा उरली,
एक भरलेला टिपर सहज निघून जाईल एवढी.

पैसे देऊन झाल्यावर त्यानं पाकीट तळहातावर घेतलं.
जरा वर, जरा खाली.
'एकोणचाळीस ग्रॅम.'
मलाही टपाल टाकायचंच होतं, दोघं पोस्टात गेलो.
तराजूवर एकेचाळीस भरले.
'आषाढ न्ही,' तो म्हणाला, 'कागद उदक पिता.'
आणि वाढीव तिकिटाचे पैसे
सुटे मोजून खिडकीत सरकवले.

परत येऊन मी कोऱ्या कागदांचा गठ्ठा उचलला,
तळहातावर धरून पाहिला.
जरा वर. जरा खाली.
मला काही कळलं नाही.